आमच्यानंतर हिर्शनरीटमध्ये

लाउटरफेल्ड, ४ मार्च २०१२

प्रिय लोरेन्झ,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता पोस्टातल्या जुन्या मैत्रिणीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच.

आईचं सांगायला लिहितेय. खुब्याचं हाड जुळलं. डॉक्टर खूश आहेत, आई नाही. वृद्धाश्रमातल्या सिस्टर कॉफीत पाणी घालतात, असं तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे. रविवारी तू तिला फोन करतोस हे मला माहीत आहे. फोन वाजला की मी खोलीबाहेर जाते आणि बोळातल्या कुंड्यांना पाणी घालते. त्यातली झाडं बहुतेक त्यामुळेच सडली.

एक गोष्ट ती तुला फोनवर सांगते की नाही ठाऊक नाही. हल्ली तिला हिर्शनरीट सारखं आठवतं. लष्कराला सरावासाठी मैदान हवं होतं, म्हणून अडतीस साली गाव उठवलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती, हे आपण दोघांनी भाकरीबरोबर गिळलेलं आहे. पण आता ती उठवल्याचं बोलत नाही. नंतरचं विचारते. परवा मला म्हणाली, "रेझल, आमच्यानंतर त्या घरात कोण राहिलं?"

मी म्हटलं, "बोहेमियातून हाकललेले जर्मन निर्वासित. युद्ध संपल्यावर. तूच सांगायचीस ना, त्यांनी कुऱ्हाडीनं दार फोडलं म्हणून."

"ते मला ठाऊक आहे. त्यांचं नाव काय होतं?"

लोरेन्झ, ब्याऐंशी वर्षांची बाई. जन्मभर त्या लोकांना शिव्या दिल्या, आणि आता नाव विचारते. तुला काही माहीत असेल तर कळव. आजोबा तुझ्याशी बोलले असतील, असा एक विचार मनात आला. मग लक्षात आलं की ते गेले त्याच वर्षी तू जन्मलास.

मी बरी आहे. हायनर गेला, मी एकटी पडले, त्याला दोन हिवाळे झाले. तुझं कार्ड मिळालं होतं. मला थोडं कामही मिळालंय. नाटकासारखं आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तुझी रेझल


लाउटरफेल्ड, २२ एप्रिल २०१२

प्रिय लोरेन्झ,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

नाटकासारखं काम म्हणाले ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. मी मैदानावर काम करते. हो, आपल्याच मैदानावर, अमेरिकनांकडे. पत्र खाली ठेवायचं असेल तर इथे ठेव. मी लिहीत राहणार. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी चर्चच्या वाचनालयात बसते.

हायनर एकतीस वर्षं त्यांच्या रणगाड्यांखाली पाठीवर झोपून काम करत होता. मी त्या कुंपणाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. तो गेला, माझं पोस्टातलं कामही बंद झालं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, बघावं तरी आत काय चालतं.

काम असं आहे. मैदानाच्या मधोमध त्यांनी खोटी गावं बांधली आहेत. सिमेंटची घरं, खिडक्यांना काचा नाहीत, एक चौक, एक प्रार्थनाघर, चार बकऱ्या. बकऱ्या खऱ्या. सैनिक लढाईवर जायच्या आधी इथे तीन आठवडे येतात, आणि त्यांना सरावाला माणसं लागतात. ती माणसं आम्ही. मी गावप्रमुख आहे. मार्चमध्ये मी डोक्याला रुमाल बांधून डोंगरातल्या कुठल्यातरी मुलखाची गावप्रमुख होते. फोन काढून घेतात, रात्रीही तिथेच राहायचं, आणि सैनिकांशी बोलायचं फक्त जर्मनमध्ये. त्यांच्याबरोबर दुभाष्या असतो.

अंगावर पट्ट्यांचं जाकीट असतं. बंदुकीतून गोळी येत नाही, उजेडाचा किरण येतो. तो लागला की जाकीट शिट्टी मारतं. मग खिशातलं कार्ड काढून बघायचं, आपण मेलोय की नुसता पाय गेलाय. मी आतापर्यंत तीनदा मेले. एकदा सूप ढवळत असताना.

"ए गावप्रमुख," शेजारच्या खाटेवरची ट्राउडल पोल म्हणाली, "मेलीस तर मर, पण आधी पळी बाहेर काढ. खाली लागेल."

ही ट्राउडल आमची म्हातारी आहे, म्हणजे नाटकातली. खरं वय बहात्तर, कागदावर पासष्ट, आणि हे फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही माहीत आहे. तिला एकच काम दिलंय, दारात बसून काही न बोलणं. ते तिला जमत नाही.

सैनिकांच्या मागेमागे काही अनुभवी लोक वहीत लिहीत फिरतात. त्यांना आम्ही पंच म्हणतो. त्यांना गोळी लागत नाही आणि त्यांना हसवायचं नाही असा नियम आहे. आमच्या गावाचा पंच सार्जंट टिलमन. नेब्रास्काचा, मक्याच्या शेतातला माणूस, जर्मन बायको, त्यामुळे आपल्या बोलीत शिव्या उत्तम देतो. मी त्याला एवढं विचारते की एकदा तो म्हणाला, "ग्राडलबाई, तुम्ही हेर आहात का?"

"पोस्टातली आहे," मी म्हटलं. "हेरांपेक्षा आम्हाला जास्त कळायचं."

मग त्यानं सांगितलं. आपलं मैदान हे एकटं नाही. उत्तरेला जे मोठं मैदान आहे, जिथे बव्हेरियाच्या राजघराण्याच्या काळापासून तोफा उडतायत, तिथे त्यांच्या प्रशिक्षण कमांडचं मुख्य ठाणं आहे, आणि आपण त्याचा दक्षिणेकडचा हात. मी विचारलं, "म्हणजे इथून तुम्ही लोकांना लढाईला पाठवता?"

"नाही. पाठवणारे वेगळे. आम्ही त्यांच्याकडून इथे चुका करून घेतो."

"कधीपासून?"

"युद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत सुरू झालं. तेव्हा आमचेच सैनिक ढिले पडले होते, लढाई जिंकून, नाचून, पोरींच्या मागे फिरून. त्यांना पुन्हा शिस्त लावायची होती. मग रशियाची भीती आली. चाळीस वर्षं नुसते रणगाडे. बर्लिनची भिंत पडली तेव्हा वाटलं, आता कुलूप लावून घरी जायचं. तेवढ्यात बाल्कन पेटलं. तेव्हा आमच्या लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला की रणांगणावर गावं असतात आणि गावांत बायका असतात. त्या आधी नकाशावर नुसते चौकोन होते."

"आणि तो प्रकाश पडायला पन्नास वर्षं लागली?"

"त्यासाठीच तर तुम्हाला ठेवलंय," तो म्हणाला.

मी हे सगळं तुला का लिहितेय? कारण तू त्र्याऐंशीच्या थंडीत त्या फाटकासमोर अमेरिकनांच्या विरोधात रस्त्यावर बसला होतास, आणि पोलिसांनी तुला उचलून नेलं होतं. आत काय आहे हे तुलाही कधी दिसलं नाही. मला वाटलं, तुला जाणून घ्यायचं असेल.

रेझल


लाउटरफेल्ड, २७ मे २०१२

प्रिय लोरेन्झ,

कालच परत आले. अंगाला अजून धुराचा वास आहे. आज तुला ठरवून नाही, राहवत नाही म्हणून लिहितेय.

या वेळी रुमाल नव्हते. टिलमन म्हणाला, आता डोंगर पुरे, युरोपातलंच एखादं गाव धरून चाला. देशाचं नाव बनवलेलं, शत्रूही बनवलेला. सकाळी आम्हाला कागद दिला: "दुपारी तुकडी येईल. शत्रू जवळ आलाय, गाव दोन तासांत रिकामं करा, असं सांगेल. तुम्ही घाबरायचं, थोडी कुरकूर करायची आणि जायचं."

एवढंच लिहिलं होतं. थोडी कुरकूर.

दुपारी लेफ्टनंट आला. ब्रॅडक त्याचं नाव, चोविशीचा असेल, गालावर दाढीचे चार केस. हेल्मेट काढून नीट नमस्कार केला आणि दुभाष्याकरवी सगळं सांगितलं. दोन तास, माणशी एक पिशवी, चौकात गाड्या उभ्या आहेत. वाईट बोलला नाही. मी कुरकूर करणार होते. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"आमची गाय गाभण आहे. ती चालणार नाही. तिला कोण नेणार?"

दुभाष्यानं सांगितलं. ब्रॅडकनं हातातला कागद पाहिला. गाय त्यात नव्हती.

"गायींची व्यवस्था होईल," तो म्हणाला.

"कोण करणार? नाव सांगा. परत कधी यायचं? स्मशानात माझी आई आहे, तिच्या कबरीवरच्या दिव्यात तेल कोण घालणार? आणि घराची किल्ली कुणाकडे द्यायची?"

लोरेन्झ, हे माझे प्रश्न नव्हते. आजी विचारायची ते हे प्रश्न. आई तिची नक्कल करायची आणि आपण दोघं हसायचो. अडतीस साली एका अधिकाऱ्याला तिनं ते विचारले होते, तोही कागदाकडेच बघत राहिला होता म्हणे. मी बोलत गेले, माझा आवाज चढत गेला. नाटक कुठे संपलं ते माझ्या लक्षात आलं नाही. मागे टिलमन वहीत लिहायचा थांबला होता.

तेवढ्यात दारातली म्हातारी बोलली. "कुलूप लावू नकोस ग," ट्राउडल म्हणाली, अगदी सावकाश. "लावलंस तर नंतर येणाऱ्याला फोडावं लागतं. आम्हाला फोडावं लागलं होतं. बाबा शरमेनं दोन दिवस जेवले नाहीत."

मी वळून विचारलं, "कुठे?"

"हिर्शनरीटला. इथून चार किलोमीटर असेल. सैनिकांनी खिडक्या फोडल्या होत्या, पण दार बंद होतं, आणि आमची आजी खिडकीतून आत जाणाऱ्यातली नव्हती. म्हणून कुऱ्हाड."

"कुठलं घर?"

"चर्चवरून खाली उतरलं की शेवटचं. मागे उतार, दगडी तळघर."

लेफ्टनंट दुभाष्याला विचारत होता, त्या काय म्हणतायत, आणि दुभाष्या म्हणत होता, मला माहीत नाही, सर, हे कागदात नाही. टिलमननं हात वर करून सराव थांबवला. म्हणे असं तो वर्षातून एखाद्या वेळी करतो.

मी ट्राउडलशेजारी दारात बसले. तिला सांगितलं नाही. काय सांगणार, तू माझ्या आईच्या घराचं दार फोडलंस? ट्राउडल तेव्हा सहा वर्षांची होती. मी फक्त विचारलं, "किती दिवस राहिलात?"

"पाच वर्षं. एक्कावन्न साली अमेरिकनांना मैदान परत वाढवायचं होतं, तेव्हा आम्हालाही उठवलं. या वेळी कुलूप लावायला आमच्याकडे दारच धड नव्हतं." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू रडतेयस का? अग, सराव आहे."

आईला हवं होतं ते नाव माझ्या शेजारच्या खाटेवर तीन महिने घोरत होतं. लग्नाआधीचं आडनाव मात्र मी अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

रेझल


लाउटरफेल्ड, ८ जुलै २०१२

प्रिय लोरेन्झ,

म्हणजे तू पत्रं वाचतोस तर.

गेल्या रविवारी फोन वाजला, मी नेहमीसारखी पाण्याचं भांडं घेऊन बाहेर निघाले, तर आई ओरडली, "थांब. तो विचारतोय, त्या लेफ्टनंटनं पुढे काय केलं?" आणि माझ्याकडे बघत राहिली. "कुठला लेफ्टनंट, रेझल? वाचनालयात लेफ्टनंट कुठून आला?"

तू मला छान उघडं पाडलंस. ठरवून केलंस की चुकून, ते सांगू नकोस, मला दोन्ही आवडेल.

मला वाटलं आता माझी खैर नाही. मी सगळं सांगितलं, मैदान, जाकीट, तीनदा मेले ते. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "जेवायला काय देतात?"

"आम्हीच करतो. बटाट्याचं सूप, डाळ."

"आणि मेल्यावर जेवायला उठवतात?"

"उठवतात."

"मग बरं आहे," ती म्हणाली. ट्राउडलबद्दल मी तिला तेव्हा काहीच बोलले नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सराव थांबल्यावर टिलमननं ब्रॅडकला बाजूला घेतलं. ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा करायला लावला. या वेळी तो पोरगा सकाळीच आला, हातात खडू. दर घरात गेला, कोण राहतं, काय चालू शकत नाही, काय नेता येणार नाही, ते विचारून दारावर खडूनं लिहीत गेला. माझ्या दारावर त्यानं गाय काढली. गाय कमी, डुक्कर जास्त दिसत होतं. परत कधी यायचं, तेही मी विचारलं. तो म्हणाला, "ते मला माहीत नाही, बाई. माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही." मला ते आवडलं.

नंतर सगळ्या अधिकाऱ्यांना मोठ्या खोलीत बसवून कुणाचं काय चुकलं ते उगाळतात. त्यांची सगळ्यात मोठी पूजा तीच. लढाई दोन दिवस, चर्चा तीन. तिथे टिलमननं मला आणि ट्राउडलला उभं केलं. खोलीत दहा-बारा देशांचे गणवेश होते. मी आजीचे प्रश्न सांगितले. ट्राउडलनं कुलपाचं सांगितलं. एका डॅनिश बाईनं, ती मेजर होती, विचारलं, "तुम्हाला त्या वेळी सैनिकांनी काय केलं असतं तर बरं वाटलं असतं?"

ट्राउडलनं विचार केला आणि म्हणाली, "आलेच नसते तर."

मेजरनं ते लिहून घेतलं.

पुढच्या सरावात आमचे प्रश्न कागदात छापलेले होते. आता सगळ्या खोट्या गावप्रमुख गाभण गायीचं विचारतात. त्यावरून मला झोप लागली नाही, लोरेन्झ, आणि हे मी फक्त तुला लिहू शकते. मी लोकांना गाव नीट कसं उठवावं ते शिकवतेय का? नीट उठवलेलं गावसुद्धा उठवलेलंच असतं. हायनर असता तर म्हणाला असता, काम चांगलं केलंस, झोप. तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, पण मला वाटतं ते अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं आहे. आता काय म्हणशील ते माहीत नाही. ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसानंतरच्या रविवारी, जुन्या गावकऱ्यांना स्मशानात जाऊ देतात. त्या दिवशी गोळीबार बंद ठेवतात, निदान आपल्या बाजूचा. आई कधी गेली नाही. या वर्षी जायचं म्हणतेय. येतोस?

रेझल


लाउटरफेल्ड, ५ नोव्हेंबर २०१२

प्रिय लोरेन्झ,

तू आला नाहीस. बस सुटेपर्यंत मी स्टेशनच्या रस्त्याकडे बघत होते. आई म्हणाली, "मान दुखेल." रागावून लिहीत नाही. काल काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितेय.

बसमध्ये आम्ही वीसेक जण होतो, सगळे म्हातारे आणि त्यांना धरून आणणारे. ट्राउडल फाटकाजवळ बसमध्ये चढली, चांगला कोट घालून, मांडीवर खसखशीच्या केकचा डबा. मी तिला उन्हाळ्यातच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "तुझ्या आईला भेटायचं, पण तिनं हाकललं तर मी जाईन. मला सवय आहे."

आईला मी एवढंच सांगितलं होतं की कामावरची एक मैत्रीण येतेय.

हिर्शनरीटला चर्चच्या भिंती आणि स्मशान तेवढं शाबूत आहे. बाकी गवत, भुईतून वर आलेले दगड, आणि जुन्या बागांमधली रानटी झालेली सफरचंदं. प्रार्थना झाल्यावर मी आईची चाकांची खुर्ची ढकलत उतारावरून खाली नेली. शेवटच्या घराचं तळघर आणि दाराच्या पायऱ्या आहेत. टिलमन स्वतःच्या सुटीच्या दिवशी आला होता. खुर्चीची पुढची चाकं त्यानं उचलून धरली.

आई पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "तीन. चौथी गवतात गेली."

"तीनच होत्या," मागून ट्राउडल म्हणाली.

आईनं मान वळवली. "ही कोण?"

"मी या घरात राहिले. शेहेचाळीस ते एक्कावन्न. लांगहामरांची ट्राउडल."

मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. आईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, ती लहानपणी तुझ्यामाझ्या चपला न्याहाळायची तसं.

"कुऱ्हाडवाली," आई म्हणाली.

"कुऱ्हाड बाबांची होती. मी सहा वर्षांची होते."

"चार पायऱ्या होत्या."

"चौथी म्हणजे अंगणातली सपाट फरशी. ती पायरी नव्हे."

"आम्ही तिला पायरी म्हणायचो. घर आमचं होतं."

"बरं," ट्राउडल म्हणाली. "चार."

आईनं पुन्हा पायऱ्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "चूल कुठे होती?"

"आत शिरलं की डावीकडे. हिरव्या टाइलांची. दोन टाइल तडकलेल्या."

"एकच."

"आमच्या वेळेला दोन. आणि पहिल्या हिवाळ्यात धूर एवढा की डोळे उघडता येत नसत. मग ते म्हातारे आले आणि त्यांनी दाखवलं."

"कोण म्हातारे?"

ट्राउडलनं माझ्याकडे पाहिलं. मलाही काही माहीत नव्हतं, लोरेन्झ. आजोबा सत्तेचाळीस साली एकदा घर बघायला गेले, फोडलेलं दार पाहिलं, परत आले आणि त्या विषयावर कधी बोलले नाहीत, एवढंच आपल्या घरात माहीत होतं. त्यांना दारातून हाकललं असणार, असं आजी धरून चालली, मग आई, मग आपण.

"एक उंच म्हातारे," ट्राउडल सांगू लागली. "डाव्या हाताचं एक बोट नव्हतं. दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, झालं, मालक आला. माझी आई पळी हातात घेऊन पुढे आली. तिनं घाबरूनच विचारलं, सूप घेता का? ते आत आले, बसले, दोन वाट्या सूप प्यायले. मग उठून चुलीमागे हात घातला, एक लोखंडी पट्टी बाहेर ओढली, आणि धूर वर गेला. एवढंच म्हणाले, हिला हिवाळ्यात अर्धीच उघडायची."

आईचं तोंड उघडं होतं. बोट नसलेला तो हात आजोबांचाच होता.

"मग येत राहिले. महिन्यातून एखाद्या रविवारी. बाबांना विहिरीचं सांगितलं, थंडीत दोर कसा बांधायचा. बर्फ कुठल्या बाजूनं साठतो ते सांगितलं. माझ्यासाठी वाळवलेली नासपती आणायचे, खिशातून. आम्ही त्यांना नाव विचारलं नाही, भीती वाटायची. एकोणपन्नासच्या हिवाळ्यानंतर आले नाहीत. आई म्हणायची, गेले असतील."

"पन्नासमध्ये," आई म्हणाली. "फेब्रुवारीत." मग तिला रविवार आठवले. "रविवारी बाप मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या बैठकीला जायचा. आम्हाला असंच सांगायचा. आमच्याकडे मधमाश्या नव्हत्या. आई म्हणायची, पीत बसत असेल कुठेतरी."

टिलमन टोपी हातात घेऊन जरा दूर जाऊन उभा राहिला होता. त्याला सगळं समजत होतं. उत्तरेकडून तोफांचे दबके आवाज येत होते.

मला वाटलं आई रडेल. पण तिला राग आला. ब्याऐंशीव्या वर्षी तिच्या डोळ्यांत शाळकरी मुलीसारखं रुसणं आलं. "मी सतरा-अठराची होते," ती म्हणाली. "मला एकदाही नेलं नाही. तुला नासपती."

"खाऊन संपल्या हो," ट्राउडल म्हणाली. "नाहीतर दिल्या असत्या."

आणि आई हसली. आधी नाकातून, मग खोकल्यासकट. मग तिनं ट्राउडलच्या कोटाची बाही धरली आणि तिला पायरीवर बसवलं, गवतातल्या तिच्या चौथ्या पायरीवर, आणि म्हणाली, "धुराचं झालं. पुढे सांग. माझ्या खोलीत कोण झोपायचं?"

बसवाल्यानं तीनदा भोंगा वाजवला. त्या दोघी उठल्या नाहीत. केक तिथेच संपला. ट्राउडलच्या आजीनं तिथे शेवटचा श्वास घेतला ते, दोन भाऊ जन्मले ते, एक्कावन्नमध्ये निघताना तिच्या बाबांनी दार मुद्दाम उघडं ठेवलं ते, सगळं आईनं काढून घेतलं. मध्येच थांबवायची, "थांब, खिडकीखाली की भिंतीला?" टिलमन आणि बाकीचे पंचसुद्धा अधिकाऱ्यांच्या चुका इतक्या उगाळत नसतील.

परतताना बसमध्ये आई बराच वेळ डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. मग न उघडताच म्हणाली, "बापानं मला सांगितलं नाही. तू लोरेन्झला घराबाहेर काढलंस, ते तू कुणाला सांगितलं नाहीस. आपल्या घराण्याला देवानं तोंडं कशाला दिली कोण जाणे."

तर आता सांगते. माझ्या लग्नात तू उठून गेलास, असं मी अठ्ठावीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. हायनरलाही. तो गेला तेव्हाही तेच खरं धरून होता. तू उठला नव्हतास. हायनरच्या अमेरिकन फोरमनकडे बोट दाखवून तू म्हणालास, आईच्या अंगणावरून रणगाडे नेणारे आज आपला केक खातायत. बँड वाजत होता, कुणी ऐकलंही नाही. मी खुंटीवरचा तुझा कोट काढला, तुझ्या हातात दिला, दार उघडून धरलं आणि म्हटलं, जा, आणि परत येऊ नकोस. कोट न घालताच पायऱ्या उतरलास. मी दार लावून घेतलं आणि आत येऊन नाचले.

हे आईनं पाहिलं होतं.

तुला हे माहीतच आहे. पण मलाही ते लख्ख आठवतं हे तुला माहीत नव्हतं, कदाचित.

मी माफी मागितली तर तू एका ओळीचं कार्ड पाठवशील, मी तुला ओळखते. म्हणून ती भेटल्यावर मागेन. आता फक्त विचारते. तुझ्या बायकोचं नाव इंग्रिड आहे, एवढं आईकडून कळलं. मुलगी आहे, तिला आता मूल आहे म्हणे. बाकी मला काही माहीत नाही. आमच्यानंतर तू कुठे राहिलास, ब्रेमेनमध्ये पहिल्या हिवाळ्यात खोली गरम होती का, त्या रस्त्यावर बसणाऱ्या मित्रांपैकी कुणी उरलंय का, केस गेले का. न विचारता अठ्ठावीस वर्षं काढली, आता एक रविवारही काढवत नाही.

येत्या रविवारी फोन वाजला की मी बाहेर जाणार नाही. आईशी बोलून झालं की फोन रेझलला दे म्हण. सुरुवात कुठूनही कर. तुझ्या घरात शिरलं की चूल डावीकडे आहे की उजवीकडे, तिथून केलीस तरी चालेल.

तुझी,
रेझल